रत्नाकाकूंचे चाळीस धडे

रत्नाकाकू अस्सल नागपूरच्या. अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट, मग मुलापाठोपाठ अमेरिकेत, नेपरव्हिलला. येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी फ्लॉप्या घेऊन आल्या. मराठी टायपिंगचं जुनं, डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर! त्यात अक्षरांच्या जागा टाइपरायटरच्याच, त्यामुळे बोटं न बघता पळायची. त्यावर त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेचे चाळीस धडे टाइप केले आणि अकरा वर्षं आमची पोरं तेच वाचत आली.

२००६च्या जानेवारीत काकूंचा करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कायमचा गप्प झाला. मंडळाने नवा लेझर प्रिंटर आणून दिला. काकूंनी पहिला धडा छापायला दिला, तर प्रिंटर ढिम्म.

झालं, लगेच कमिटीची मीटिंग. मी सेक्रेटरी, म्हणजे या पापात माझाही वाटा. सहा जण, सहाही आयटीतले. अध्यक्ष देवदत्त म्हणाला, "काकू, सोडा ना आता ते. मराठी इंग्लिश अक्षरांत लिहू. मुलांना इझी पडेल. फेब्रुवारीच्या टर्मपासून स्टार्ट करू."

"म्हणजे पोरं मराठी वाचणारच नाहीत?"

"बोलतील ना!"

"फेब्रुवारीला तीन आठवडे आहेत," काकू म्हणाल्या. "तोवर मी छापून दाखवलं तर देवनागरीच राहील. कबूल?"

देवदत्त हसून हो म्हणाला. त्या हसण्याचा मला अस्सा राग आला! पण मी तरी काय दिवे लावले? "नव्या फॉन्टमध्ये परत टाइप करा ना, काकू," म्हटलं.

"काहून करू? चुकलं का काही त्यात?"

मग आम्हा शहाण्यांच्या ई-मेल सुरू झाल्या. एकाला जुने धडे नव्या फॉन्टमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लिहायचा होता, दुसऱ्याला डेटाबेस. एकतीस ई-मेल झाल्या, पण काकूंच्या घरी जाऊन प्रिंटर बघायची बुद्धी एकालाही झाली नाही. मलाही नाही, लाज वाटते सांगायला.

काकूंनी प्रिंटरच्या कंपनीच्या हेल्पलाइनला चार फोन केले. चारही वेळा उत्तर एकच, एवढं जुनं सॉफ्टवेअर आम्ही सपोर्ट करत नाही. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, "सपोर्ट राहू द्या, मोठं मॅन्युअल पाठवा." तीनशे पानांचं आलं. कचेरीत मसुदा तपासायच्या तशी ओळीखाली पट्टी धरून त्यांनी ते सगळं वाचलं.

एका पानावर एका ओळीची कमांड सापडली. ती दिली की डॉसचं छापणं नव्या प्रिंटरच्या केबलकडे वळतं. कागद आला, पण त्यावर नुसते चौकोन. काकूंचं वाचन चालूच. पुढे कळलं की प्रिंटरच्या मेनूत त्याला डॉट मॅट्रिक्ससारखं वागायला लावता येतं. लावलं, आणि अक्षरं उमटली! पण प्रत्येक पानाच्या शेवटच्या सहा ओळी पुढच्या पानावर. काकूंनी ओळी मोजल्या, पानाला सहासष्टच्या साठ केल्या आणि चाळीसही धडे पुन्हा लावून घेतले. हे सगळं एकटीने, बरं का.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी देवदत्त इंग्लिश अक्षरांतल्या कागदांचा गठ्ठा घेऊनच शाळेत आला. म्हणजे त्याने गृहीतच धरलं होतं! काकूंच्या टेबलाशेजारी सात खोकी रचलेली. त्याने वरचं उघडलं. पहिला धडा, स्वच्छ, ठसठशीत देवनागरीत. मी मुद्दाम मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

"ओके काकू, मानलं," तो म्हणाला. "या टर्मला राहू दे. नेक्स्ट टर्मचं मग बघू."

"त्या टर्मचेही छापलेत. त्याच्या पुढच्याही," काकू पोरांना कागद वाटता वाटता म्हणाल्या. "तुमची कमिटी दोन वर्षांची असते बाप्पा. मी पाच वर्षांचे छापून ठेवलेत."