पालथी चकली

"फ्राऊ जोशी, वादळाचा डोळा आपल्या पश्चिमेकडून जाणार आहे. आपली साईट सेफ आहे," माझे जर्मन बॉस केलर म्हणाले आणि निवांत कॉफी ढवळायला लागले.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. जर्मनीत एर्लांगेनच्या ऑफिसात मी विंड लोडचं काम करायचे. म्हणजे वारा इमारतीला किती जोराने ढकलेल, ते काढायचं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आमच्या पॉवर प्लांटचं बांधकाम चालू होतं. आमच्या टीममधला नागपूरचा धनंजय तिथे साईटवर होता. तो आणि त्याची माणसं पत्र्याच्या कंटेनरमध्ये झोपायची. आणि समुद्रातून हरिकेन येत होतं.

"पश्चिमेकडून जातंय, म्हणूनच मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "त्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता काँक्रीटच्या कंट्रोल रूममध्ये हलवा."

"पण वादळाच्या सेफ्टी प्लानमध्ये डोळ्यापासूनचं धोक्याचं अंतर दिलंय. आपण त्याच्या बाहेर आहोत. काम थांबवून क्लायंटला काय सांगू?"

माझं डोकंच फिरलं. घराला आग लागली तरी हा माणूस आधी प्लान उघडेल!

दिवाळी तोंडावर आली होती. जर्मन ऑफिसात ज्याचा सण, त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. म्हणून पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी चकल्यांचा डबा भरून दिला होता. मी त्यातली एक काढून टेबलावरच्या नकाशावर ठेवली. सासूबाईंचा हात घड्याळाच्या काट्यांसारखा फिरायचा. हरिकेन तिथे उलटं फिरतं. मग चकली पालथी केली.

"हा मधला ठिपका म्हणजे डोळा. चकली अशी वर सरकतेय, किनाऱ्याकडे. बाहेरचे वेढे म्हणजे पावसाचे पट्टे. पुढच्या उजव्या बाजूच्या वेढ्यांत टॉर्नेडो तयार होतात, डोळ्यापासून कितीतरी लांबसुद्धा. आता उजवीकडे कोण बसलंय ते बघा."

केलरनी चकलीच्या उजवीकडे, आमच्या साईटच्या खुणेवर बोट ठेवलं. मग त्यांनी साईटला फोन लावला. "तर, काम बंद. सगळे काँक्रीटमध्ये. क्लायंटशी मी बोलतो." आणि चकली उचलून खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी धनंजयचा फोन लागेना. मी परत परत लावत राहिले. केलर सारखे माझ्या टेबलाशी येत होते, परत जात होते. दुपारी एकदाचा फोन वाजला.

"ताई, सगळे ठीक आहोत. हरिकेन लांबूनच गेलं, पण टॉर्नेडो आला. माझा कंटेनर कुंपणापलीकडे उलटा पडलाय. पत्रा पार चेपलाय हो."

मला रडूच कोसळलं. केलरनी न विचारता माझ्यासमोर कॉफी आणून ठेवली.

पुढे प्लानमध्ये अंतराच्या जोडीला बाजूही आली. आता केलर आणि मी, दोघंही रिटायर झालोय. सासूबाई नाहीत. त्यांची फार आठवण येते. चकल्या मी करते, त्या मोडतात. "जुन्या जास्त चांगल्या होत्या," केलर दर दिवाळीला तोंडावर सांगतात. पण खाण्याआधी प्रत्येक चकली पालथी करून बघतात.

वादळ किती लांब आहे, हे सगळेच विचारतात. आपण त्याच्या कुठल्या अंगाला उभे आहोत, तेही विचारावं.