‘क्ष’ शेवटी गेला

धुळ्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात शाळांच्या याद्या करणारं सॉफ्टवेअर तयार होतं. नवी आवृत्ती निघाली की सोबतची सूचना मी लिहिते. ती वाचणारे शाळांतले क्लार्क. त्यांना एकच कळायला हवं : आत्ता घ्यायची की थांबायचं. त्या आठवड्यात परीक्षा तोंडावर होत्या. पहूरच्या एका शाळेतले क्लार्क नाना यांनी बाकांवर हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवल्याही होत्या.

प्रोग्रॅमरने मला एक ओळ दिली : ‘कंपायलरची लायब्ररी बदलली, अंतर्गत सुधारणा.’ कंपायलर आमचा प्रोग्रॅम संगणकाला कळेल असा करून देतो. अक्षरं क्रमाने लावण्यासारखी तयार कामं त्याच्या लायब्ररीत असतात. ‘अंतर्गत’ हा शब्द दिसला की मी पेनाचं टोपण काढते.

“क्लार्कला काय वेगळं दिसेल?”

“काहीच नही, अक्का. बठ्ठं तेच शे.”

“यादी लावून पाहिली?”

“यादीले काय व्हनार शे?” तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

एकच वर्ग दोन्ही आवृत्त्यांत छापला, कागद शेजारी ठेवले आणि पट्टी धरून ओळीओळीने खाली आले. बाराव्या ओळीवर थांबले. ‘क्ष’ने सुरू होणारं आडनाव जुन्या यादीत ‘क’मध्ये होतं, नव्या यादीत थेट शेवटी. त्यामुळे मधले सगळे एकेक क्रमांक वर सरकले होते.

“मुळाक्षरांत क्ष, ज्ञ शेवटीच येतस ना? उलट चूक सुधरनी.”

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला.”

तो स्क्रीनकडे पाहू लागला.

मी लिहिलं : ‘यादीचा क्रम बदलतो. क्ष आणि ज्ञ आता शेवटी येतील. हजेरी क्रमांक बदलतील. परीक्षा संपेपर्यंत ही आवृत्ती घेऊ नका.’

“असं लिहाल तं घेईल कोन?”

“ज्यांची परीक्षा संपली ते.”

सूचना गेली आणि दुपारी नानांचा फोन आला. “अक्का, तुम्ही लोक कधी ‘घेऊ नका’ म्हणत नाही. खरं सांगा, आत आणखी काय मोडलंय?”

“काही नाही, नाना.”

“मग एवढं मोकळेपणाने लिहिलं कसं?”

तीनदा समजावलं. पटलं नाही. “मी घेतच नाही,” ते चिडून म्हणाले. “पेपर झाल्यावरही आधी एका वर्गावर पाहीन.”

“तसंच करा.”

फोन ठेवला. बाकांवरच्या चिठ्ठ्या बदलायची वेळ टळली होती. पण आणखी काही मोडलेलं नाही, हे मी तरी कुठे तपासलं होतं? मी दुसऱ्या वर्गाची यादी छापायला टाकली.