नॉर्मल नमुना

लॅबमध्ये तिला सगळे 'नॉर्मलताई' म्हणत. सत्तावीस वर्षांची, सडसडीत, दिवसभर जिने चढणारी. तपासण्या बरोबर येताहेत ना, हे पाहायला निरोगी लघवी लागली की काका, म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ, तिच्यापुढे बाटली धरत आणि दरबारी आवाजात पुकारत, "महाराणींचा नजराणा येऊ द्या!" तिचं प्रेशर एकशे चौतीस-शहाऐंशी निघे, तेव्हा तीच म्हणे, "धावपळीचं आहे हो."

तिचा दादा डायलिसिसवर होता. पुढच्या महिन्यात ती त्याला आपली किडनी देणार होती. रक्तगट जुळला होता, शेवटच्या तपासण्या तेवढ्या उरल्या होत्या.

अशात नवं मशीन आलं, किडनी दुखावली की लघवीत उतरणारं, जुन्या पट्टीला न दिसणारं बारीकसं प्रथिनही पकडणारं. आकडा तिसाच्या आत हवा. तिचा आला चौसष्ट.

"काका, मशीन बिघडलंय."

"नव्या नवरीला पहिल्याच दिवशी नावं ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी अडुसष्ट. आता सगळ्यांनीच मशीनला शिव्या घातल्या. नॉर्मलताई कशी चुकेल? तिने स्वतः फोन करून कंपनीचा माणूस बोलावला. दोन तास खटपट करून त्याने हात पुसले.

"मशीन ठणठणीत आहे. नमुना कुणाचा?"

दुसऱ्या सकाळी तिने आपलं रक्त काढलं. युरिक अॅसिड वाढलेलं, उपाशीपोटीची साखर काठावर.

दुपारी तिने काकांना बेसिनपाशी गाठलं. "माझ्या नावावर तुमचा नमुना द्या ना. पाया पडते."

"माझ्या नमुन्यात साखर इतकी की चहा होईल," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "आणि एक देऊन टाकलीस, उरलेली थकली, मग तू कुणाच्या दारात जाशील पोरी?"

दादाच्या खाटेशी बसून तिने सगळं सांगितलं.

"किती आलं?" त्याने विचारलं.

"चौसष्ट. मग अडुसष्ट."

तो नळीतल्या रक्ताकडे बघत राहिला. "तुझ्या वयात मलाही एवढंच निघालं होतं. डॉक्टर म्हणाले, काठावर आहे, दर तीन महिन्यांनी या. मला वाटलं, काठावर म्हणजे अजून कोरडेच आहोत."

"कधी बोलला नाहीस!"

"लग्न ठरत होतं."

तिने खाटेच्या दांडीवर डोकं टेकलं.

"रडायचं ते घरी. खाली ओपीडी पाचला बंद होते. ऊठ, केसपेपर काढ."

"आणि तुझं काय, दादा?"

"जा ना गं!"

त्याचा एक हात नळ्यांत अडकलेला. दुसऱ्या हाताने तो तिला ढकलत राहिला.