बिनक्लचची गाडी

आमच्या दादाने नवी गाडी घ्यायचं काढलं तेव्हा अख्ख्या वाडीला त्याने एकच कारण सांगितलं. डिझेल परवडत नाही, धूर सोसत नाही, आता विजेवरची पिकअप घेणार. कारण खोटं होतं. खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं, म्हणजे त्याला, वहिनीला आणि मला. त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता.

मी ओरोसला कचेरीत नोकरी करते आणि शनिवारी एस.टी.ने तोंडवलीला घरी येते. दादाला डॉक्टरकडे मीच नेलं, तेही ओरोसला. मालवणात दवाखान्याच्या बाकड्यावर कोणी ना कोणी ओळखीचं बसलेलं असतंच. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून पाहिला आणि काम काय करता म्हणून विचारलं. मासळीची गाडी चालवतो म्हटल्यावर ते म्हणाले, मग आता क्लच दाबणं बंद. दादा हसला. डॉक्टर हसले नाहीत.

आता एवढ्यासाठी लपवालपवी कशाला, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मासळीचा धंदा वेळेचा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली, त्यातला मासा बर्फात घालून क्रेट भरले, की ते लिलावाला वेळेवर पोचले पाहिजेत, नाहीतर सगळ्यांची मेहनत पाण्यात. त्यामुळे रापणकर भाडं देतात ते गाडीला नव्हे, चालवणाऱ्याला. ह्याचा पाय गेलाय अशी कुणकुण लागली असती तर तोंडावर कोणी काही बोललं नसतं, पण हळूहळू क्रेट दुसऱ्या गाडीत चढायला लागले असते. शिवाय मुंबईचा मुलगा, घराला कुलूप लावा आणि इकडे या, म्हणून मागे लागलेलाच होता. दादाला मुंबईत सोसायटीच्या बाकावर बसून दिवस काढायचे नव्हते. त्याला गाडी चालवायची होती.

वहिनी रोज त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची. तेलाचा वास शेजारपाजारी जायचा, तेव्हा तिने आपल्याच कमरेचं दुखणं उठवलं. लोकांसमोर उठता-बसता कण्हायला लागली. इतकं बेमालूम कण्हायची की एकदा मीच तिच्यासाठी कमरेचा पट्टा घेऊन गेले. तो तिने मुकाट्याने बांधला आणि मी ओरोसला परत जाईपर्यंत सोडला नाही, कारण शेजारीण ओट्यावर बसलेली होती.

विजेच्या गाडीला क्लच नसतो ही बातमी त्याला मी दिली. तो जेवत होता. घास हातात तसाच ठेवून त्याने विचारलं, “म्हणजे डाव्या पायाक काम काय?” मी म्हटलं, काहीच नाही. त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं, मग वहिनीला हाक मारून तिच्यासमोर आणखी एकदा सांगायला लावलं.

चालवून बघायला दोन गाड्या मिळाल्या, दोन वेगवेगळ्या शोरूममधून. त्यांची नावं आमच्या घरात कोणाच्याच जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला लागलो. थोरली उंच, रुंद टायरांची, मोठ्या बॅटरीची. धाकटी ठेंगणी, बॅटरी लहान, पण हौदा क्रेटांना पुरेसा. दोघींच्या बरोबर आपापल्या शोरूमचा माणूस आमच्या किनाऱ्यावर आला होता, दोघेही शुद्ध मराठीत आणि अतिशय नम्रपणे बोलणारे. दादाही त्यांच्याशी शुद्ध बोलायला गेला आणि दोन वाक्यांत दमला.

पहिला प्रश्न मजबुतीचा. आमच्याकडे गाडी म्हातारी होऊन मरत नाही, मीठ लागून मरते. क्रेटांतून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी फळ्यांमधून खाली ठिबकत राहतं आणि लोखंडाचा पापड करतं. दादाला खालून गाडी बघायची होती. पण वाकणार कसा? त्याने माझ्याकडे बघून फर्मावलं, “तू जा गो खाली. तू बारीक आसस.” मी काही बारीक नाही, आणि अंगावर कचेरीत नेसायची चांगली साडी होती. पण शोरूमचा माणूस बघत होता, रापणकरांपैकी दोघं बघत होते, तेव्हा निमूट वाळूत आडवी झाले आणि खालून ओरडून सांगत राहिले, इथे पेटी आहे, इथे वायर आहे, इथे पत्रा आहे. ते दोघं रापणकर हसून बेजार झाले. दादाला मनातून किती मेल्याहून मेल्यासारखं होत असेल ते मला खालून त्याच्या पावलांकडे बघूनही कळत होतं. सगळा भार उजव्यावर होता.

थोरलीच्या माणसाने सांगितलं की बॅटरीची पेटी पूर्ण बंद आहे, पाणी आत जायचं नाही. आणि खारं पाणी? तो जरा थांबला आणि म्हणाला, पेटीला काही होणार नाही, पण बाकी लोखंड ते लोखंडच, रोज गोड्या पाण्याने धुवावं लागेल. मला तो माणूस तिथेच आवडला. धाकटीच्या माणसाने मात्र गंजाचा प्रश्नच येत नाही असं सांगितलं, आणि दादाने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग वाळू. ओल्या वाळूवर कोणतीही गाडी चालते, खरी परीक्षा वरच्या कोरड्या वाळूत. डिझेलच्या गाडीला तिथून काढायची दादाची जन्माची सवय अशी, की अर्धा क्लच धरायचा, इंजिनाला बोंबलवायचं आणि मागे न बघता निघायचं. थोरलीत बसून त्याने सवयीने पाय दाबला. आवाज काही झालाच नाही, फक्त मागचं चाक गपकन फिरलं आणि वाळूत रुतलं. विजेच्या गाडीचा सगळा जोर पहिल्याच क्षणी चाकावर येतो, तिला हळू दाबावं लागतं, असं त्या माणसाने समजावलं. टायरातली थोडी हवा सोडली, हौद्यात भरलेले क्रेट चढवले, आणि दादाने दुसऱ्यांदा पाय इतका अलगद ठेवला की गाडी कधी सुटली ते कळलं नाही. थोरली दोनदा सहज वर आली. धाकटी एकदा आली, एकदा ढकलावी लागली.

रस्त्याला लागल्यावर एक गंमत झाली. वळणावर सवयीने दादाचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर जाऊन आदळला. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो, वहिनीचं कपाळ समोर आपटलं आणि मागे क्रेटांची गडगड झाली. शोरूमचा माणूस म्हणाला, सगळ्यांचं असंच होतं. दादाने डावा पाय मागे ओढून सीटखाली घेतला. पुढे बराच वेळ तो पाय तिथेच होता, निवांत, काहीही न करता. दादाच्या कपाळावर गाडी चालवताना एक आठी असायची, ती गाडीबरोबरच आली असं मी धरून चालले होते. त्या दिवशी ती दिसली नाही, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

एका चार्जवर गाडी किती जाते हे कागदावर बघण्यात अर्थ नव्हता. दादाने दोन्ही गाड्या माल भरून विजयदुर्गापर्यंत नेऊन परत आणायच्या ठरवल्या. हा रस्ता म्हणजे खाडी आली की खाली उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा. आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा एक धर्म आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि फुकटात खाली यायचं. दादाने थोरलीत तेच केलं, आणि येताना काटा अपेक्षेपेक्षा बराच खाली आला. दुसऱ्या दिवशी धाकटीतही पहिल्याच उताराला त्याने न्यूट्रल केलं, तेव्हा तिचा माणूस कळवळला. तो म्हणाला, काका, गाडी गिअरमध्येच राहू द्या, फक्त पाय काढा, उतारावर बॅटरी परत भरते. दादाने त्याला विचारलं, “म्हणजे घाटी उतारताना टाकयेत डिझेल चढता, असा म्हणतास?” तो बिचारा हो म्हणाला. दादाचा विश्वास बसायला आणखी दोन उतार लागले. तिसऱ्या उताराला बॅटरीचा आकडा खरोखरच एकाने वाढला, तेव्हा त्याने गाडी बाजूला घेऊन वहिनीला तो आकडा दाखवला.

तरी धाकटी परत येताना शेवटच्या चढाला लाल दिवा दाखवायला लागली. एसी बंद केला, गाणी बंद केली. वहिनी म्हणाली, आता बोलणंही बंद करा, त्यालाही करंट लागत असेल. आम्ही घरी पोचलो, पण जेमतेम.

चार्जिंगमध्ये दोघी सारख्याच रडव्या. पटकन चार्ज करणारी सोय आहे ती हायवेला, आमच्यापासून लांब. म्हणजे घरीच, खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी करून, रात्रभर. थोरलीला रात्र पुरत नव्हती, धाकटी पहाटेपर्यंत भरायची. वायरमनने मीटरपासून जाड वायर ओढून दिली. पावसाळ्यात लाईट गेली तर काय, ह्यावर त्याने वर आभाळाकडे बोट दाखवलं.

चार्जिंग सोडलं तर सगळा हिशेब थोरलीच्या बाजूने होता. वाळूत ती बरी, लांब पल्ल्याला ती बरी, तिचा माणूस खरं बोलणारा. रापणकरही म्हणाले, घेतलीस तर थोरली घे. दादाने धाकटी घेतली. पाणंदीत वळायला बरी म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. मी चिडले. शेवटच्या चढाला तिने काय केलं ते विसरलास का, म्हणून त्याच्याशी भांडले. वहिनीने मला मागच्या दारी नेऊन सांगितलं. थोरलीत चढायचं म्हणजे डावा पाय पायरीवर ठेवून अंगाचा सगळा भार त्या गुडघ्यावर घ्यायचा. त्या दिवशी थोरली घेऊन विजयदुर्गाहून आल्यावर तो मोरीत जाऊन रडला होता. तुलनेतली ही एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती, आणि ती सांगायची सोय त्याला नव्हती.

गाडी आली त्या दिवशी वाडी देवळासमोर जमली. नवी वस्तू आली की आमच्याकडे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाशी बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बहुतेक वेळा ज्याची वस्तू त्याच्यासाठी दुसरं कोणीतरी घालतं. ह्या वेळी रापणकरांतले सगळ्यांत म्हातारे, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते पुढे झाले. दादाने त्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाला, “माझा मीच घालतंय.”

त्याने सुरुवात ठीक केली. बा देवा म्हाराजा, ही नवी गाडी तुझ्यासमोर आणून उभी केलेली आसा. व्हय म्हाराजा. ही इजेवर चालता, हिका धूर नाय, आवाज नाय. व्हय म्हाराजा. मग तो थांबला. इतका वेळ थांबला की पोरं त्याच्याकडे बघायला लागली. वहिनीने माझा दंड घट्ट धरला.

“हिका क्लच नाय म्हाराजा,” तो म्हणाला. “म्हणान मी ही घेतलंय. माझो डावो पाय गेलो आसा. इतके दिस मी ह्या सगळ्यांका खोटा सांगलंय. तुका खोटा सांगूक येणा नाय.”

हुंकार द्यायचा असतो, पण कोणाच्या तोंडून निघेना. दादा देवाकडे तोंड करून, हात जोडून तसाच उभा होता, मागे वळून बघायची हिंमत त्याच्यात नव्हती. मला वाटलं, घालवलंस सगळं एका वाक्यात. आता उद्या क्रेट कोणाच्या गाडीत चढतात ते बघत बस.

मग आबांनी त्याच्या शेजारी जाऊन हात जोडले. गाऱ्हाणं अर्धवट सोडत नाहीत, ते त्यांनी पुढे चालवलं.

“बा देवा म्हाराजा, ह्येचो पाय गेलो ता आमका कधीपासून म्हायत आसा. ह्येना सांगूक नाय, म्हणान आमी इचारूक नाय. मासळी ह्येच्याच गाडयेन जातली.”

“व्हय म्हाराजा,” सगळी वाडी म्हणाली. रीत अशी आहे की हुंकार जमलेल्या प्रत्येकाने द्यायचा. तेव्हा तो दादालाही द्यावा लागला, पण त्याचा आवाज फुटला तो बाकीच्यांच्या कितीतरी नंतर.