विहिरीतल्या कासवासाठी कॅमेरा

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आमच्या घरात पाण्याखालचे फोटो काढण्यासाठी घेतलेला डिजिटल एसएलआर कॅमेरा आहे, आणि त्याची निवड मी स्वतः, दोनदा नांदेडला जाऊन, पूर्ण शुद्धीत केलेली आहे.

दोन हजार सात सालचा उन्हाळा असावा. जवळा बाजारजवळ आमचं शेत आणि शेतात पायऱ्यांची जुनी विहीर. पाणी खूपच खाली गेलं होतं. माझा दीर बालाजी एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "सुरुंगवाल्याला सांगितलंय. पंधरा दिवसांनी येतो. विहीर दोन परस खोल करून घेऊ."

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. (आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो.) "आन् कासवाचं काय?"

हे कासव आत्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातानं विहिरीत सोडलेलं. त्यांची थोरली दोन लेकरं वाचली नाहीत, तेव्हा रोज दुपारी त्या पायरीवर बसून त्याच्याशी बोलायच्या म्हणे. आता गुडघे गेले, पायऱ्या उतरणं बंद झालं. पण कासवाची चौकशी बंद नव्हती.

"माय, सहा वर्षं झाली, कुणाला दिसलं का ते? कव्हाच मेलं असंल!"

"मेलं असतं तर तरंगलं असतं. तू काहून त्याच्या जिवावर उठून राहिला?"

"दाखव मग! दिसलं तर सुरुंग कॅन्सल."

आत्यांनी ताट सरकवलं आणि त्या उठायला लागल्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ते कुणीतरी नेमकी मी निघाले. "आत्या, तुम्ही काळजी करू नका. मी पाण्यात कॅमेरा घालून फोटोच काढते त्याचा!"

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझ्या बोलण्याला घरात वजन आहे. (होतं.) शाळेच्या वाचनालयात एक रंगीत मासिक आलं होतं. त्यात समुद्रात बुडी मारून माशांचे फोटो काढणाऱ्या एका बाईंचा लेख होता. बाईंच्या हातात भला थोरला कॅमेरा. तेवढ्या ज्ञानावर आमची स्वारी नांदेडला निघाली.

पहिल्या खेपेला आमचे हे सोबत होते. दुकानदार सज्जन माणूस. "पाण्याखाली वापरायचा? मॅडम, मग हा छोटा घ्या. याला पाण्यात चालणारी डबी मिळते. मागं पडदा आहे, पडद्यावर बघायचं आणि बटण दाबायचं."

मी तो चिमुकला कॅमेरा दोन बोटांत धरला. साबणाच्या वडीएवढा! त्या मासिकातल्या बाईंच्या हातात असलं काही नव्हतं. "हे खेळणं झालं. मला एसएलआर दाखवा."

"एसएलआर भारीच आहे, पण त्याच्यात डोळा लावून बघावं लागतं. मागच्या पडद्यावर फोटो काढल्यावर दिसतो, आधी दिसत नाही. आणि त्याची पाण्यातली पेटी आपल्याकडे मिळत नाही. बाहेरदेशातून येते."

ह्यांनी दोन्ही कॅमेरे दोन तळहातांवर घेऊन जोखले. "हा जड आहे गं. मोठ्यात माल जास्त असणार."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरी आल्यावर बालाजी म्हणाला, "दादाला काय कळतंय? मी येतो." खरं तर कासव सापडू नये हे त्याच्या सोयीचं होतं, पण कुठल्याही खरेदीत आपल्याला विचारलं नाही तर त्याला ताप येतो. दुकानात शिरल्या शिरल्या त्यानं विचारलं, "किती एचपीचा हाय?"

"साहेब, मेगापिक्सेल असतात."

"तेच ते. पाण्यातली मोटर असती, मग पाण्यातला कॅमेरा काहून न्हाई? वायर कुठून सोडायची?"

"वायर नाही. आणि हा पाण्यातला नाही, साहेब. हा कोरडाच ठेवायचा असतो!"

दुकानदारानं हे वाक्य त्या दोन दिवसांत मराठीत, हिंदीत आणि शेवटी हात जोडून सांगितलं. आम्ही एसएलआरच घेतला. (किंमत इथं लिहीत नाही, कारण ती आत्यांना अजून सांगितलेली नाही.) दुकानदारानं पिशवी देताना मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, निदान लग्नाबिग्नात तरी वापरा." मला फार राग आला.

आता प्रश्न पेटीचा. वारंगा फाट्यावर ट्रकच्या काचा बसवणारे रशीदभाई आहेत. मी त्यांना चित्र काढून दाखवलं: चारी बाजूंनी आणि खालून काच, वरून उघडी अशी उभट पेटी. तिचं बूड पाण्यात दाबायचं, कॅमेरा आत कोरडाच राहणार, आपण वरून हात घालून फोटो काढायचा. आहे की नाही साधं? रशीदभाईंनी चित्र आडवं-उभं करून पाहिलं.

"मॅडम, मछली पालना है क्या?"

"नाही हो. कासवाचा फोटो काढायचाय."

"तो कछुए को इसमें रखेंगे?"

"नाही, कॅमेऱ्याला."

रशीदभाईंनी माझ्याकडे न बघता माप घेतलं. कॅमेऱ्याचं घेतलं, हाताचं घेतलं. डोळा लावून बघायचं म्हणजे डोळ्यासोबत डोकंही पेटीत जाणार, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यांचं सोडा. विज्ञान मी शिकवते!

सुरुंगवाला यायला दोन दिवस उरले तेव्हा भर दुपारी आम्ही विहिरीवर पोचलो. फक्त घरचेच असणार होतो. पण बालाजीनं रस्त्यात भेटेल त्याला "वहिनी कासवाचा फोटो काढून राहिल्यात" असं सांगितल्यामुळे विहिरीच्या काठावर चाळीसेक माणसं, दोन बैलगाड्या आणि एक कुल्फीवाला जमला होता. आत्या लिंबाच्या सावलीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "सुमन, न्हाई दिसलं तर तसंच सांग बरं. खोटं न्हाई सांगायचं." तोवर मला हे सगळं थोडं गमतीचं वाटत होतं. मग वाटेना.

पेटी पाण्यावर ठेवली. तरंगली. दाबली, तर उसळून वर आली.

"दाबा ना जोरात!" मी म्हणाले.

"दाबूनच राहिलो ना!" हे एका बाजूनं, बालाजी दुसऱ्या बाजूनं. पेटी दोघांच्या मधून साबणासारखी निसटली आणि विहिरीच्या मध्यावर जाऊन शांतपणे फिरू लागली. काठावरून टाळ्या पडल्या. बांबूनं ओढून आणली. मग बालाजीनं पेटीत चार धोंडे टाकले. आता मात्र पेटी बरोब्बर अर्धी बुडाली. मी पायरीवर गुडघे टेकून कॅमेरा आत घातला, डोळा लावायला वाकले, तर डोळा पोचेना. थोडी अजून वाकले. अजून थोडी. एकदम खट्ट झालं आणि माझं डोकं पेटीत गेलं!

आत जाताना अंबाडा दबून गेला होता. बाहेर निघताना तो दबायला तयार नव्हता.

"काय दिसतंय?" ह्यांनी विचारलं.

"धोंडे!" मी ओरडले. माझा आवाज माझ्याच कानावर आदळला. श्वासानं काच धुरकटली. मग धोंडेही दिसेनात. "मला बाहेर काढा!"

"आधी फोटो तर काढा वहिनी!" बालाजी.

"अंबाडा अडकलाय!"

"काय आटपलंय?"

"अंबाडा!"

तेवढ्यात काठावरून आरडाओरडा सुरू झाला. "कासव! अरे कासव! ते बघा कासव!"

मला वाटलं, मलाच म्हणून राहिले. (डोकं कवचात, पाठ बाहेर, चार पायांवर. दुसरं काय म्हणणार?) संताप संताप झाला. "हसा! खुशाल हसा!" असं मी पेटीतून ओरडले. पण ह्यांचा आवाजही बदलला. "अगं, खरंच कासव! समोरच्या पायरीवर आलंय. ऊन खाऊन राहिलं!"

"कुठं? कुठं?" मी पेटीसकट वळले.

एवढंच केलं मी. धोंडे एका कोपऱ्यात घरंगळले, पेटी कलली आणि विहिरीतलं हिरवं पाणी माझ्या दोन्ही कानांजवळून आत आलं. कॅमेरा हातातून सुटला, उलटा झाला, त्याला पकडताना बोटानं कुठलंतरी बटण दाबलं गेलं. त्याच क्षणी ह्यांनी मागून वाकून माझी मान धरली आणि जोरात ओढली. अंबाडा सुटला. मी बाहेर आले, पेटी आणि कॅमेरा खाली गेले. बालाजीनं बुडी मारून कॅमेरा वर आणला, तेव्हा त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी गळत होतं.

"कुठंय कासव?" मी डोळे पुसत विचारलं.

"गेलं," चाळीस माणसं एका सुरात म्हणाली. "तुमी ओरडल्या तव्हा घाबरलं."

काठावर आत्या उभ्या होत्या. गुडघ्यांची तकलीफ विसरून बाजेवरून उठल्या होत्या. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाही, पण चाळीस जणांचा ओरडा त्यांनी ऐकला होता. त्या हात जोडून रडत होत्या. बालाजी ओल्या कपड्यांनी तसाच त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "माय, सुरुंग कॅन्सल. विहिरीच्या भिंतीत आडवं बोअर मारू." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पर वहिनी, कासवाला दम घ्यायला वर यावंच लागतं न्हाई का? काठावर गप बसलो असतो तरी दिसलं असतं. तुमच्या पुस्तकात न्हाई का तसं?"

पुस्तकात आहे. पान मला पाठ आहे.

कॅमेरा पुन्हा चालू झाला नाही. त्यातलं कार्ड मात्र वाचलं, आणि जवळा बाजारच्या फोटो स्टुडिओवाल्यानं त्यातून एकच फोटो काढून मोठा करून दिला. घरी आणून मी तो लपवणार होते, पण आत्यांनी मागितला. चष्मा लावला. फोटो दारातल्या उजेडात धरला.

फोटोत हिरवट पाणी होतं. मधोमध मान आखडलेलं, वटारलेल्या डोळ्यांचं, तोंड वासलेलं एक डोकं, आणि त्यामागे गोल, करडा, वाकलेला फुगवटा. डोकं माझं होतं. फुगवटा म्हणजे मला ओढायला वाकलेल्या ह्यांची पाठ.

"हेच ते!" आत्यांनी फोटोवरून हात फिरवला. "सोडलं तव्हा भाकरीएवढं होतं बाई. आता केवढं थोराड झालंय! पर डोळे बराबर तसेच. भेदरलेले."

बालाजीनं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला. हे अंगणात निघून गेले. खोटं नाही सांगायचं, असं आत्यांनीच बजावलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलेना. "हो आत्या," मी म्हणाले, "तेच."

तो फोटो फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. आत्या रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहतात, फूल घालतात आणि मग मला चहा उशिरा केला म्हणून बोलतात. सासूच्या हातून रोज पूजा करून घेणारी सून अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन, पण कुणाला सांगायची सोय नाही!