लोळणारं संत्रं

सौंसरच्या मंडीत संत्री निवडणाऱ्या त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. मी अ‍ॅनिमेशन शिकते. सुट्टीत तिच्या ढिगाशेजारी बसून एक संत्रं बोटभर सरकवायचं अन् फोटो काढायचा, असं माझं चाललं होतं. फोटो सलग लावून पाहिले, तर संत्रं अगदी निर्जीव. बाई मोबाइलात डोकावली. हात मात्र लहान-मोठी संत्री वेगळी टाकतच होते.

“पोरी, तुह्यं संत्रं लोळून नाही राहिलं, सरकून राहिलं. देठ पाह्य, जागचा हालला का?”

मग दर फोटोला मी देठही थोडा फिरवला अन् तिला दाखवलं. संत्रं गडगडत स्क्रीनच्या कडेला आलं, तशी ते पडू नये म्हणून बाईनं झटकन ओंजळ पुढे केली.

आम्ही दोघी पोट धरून हसलो.