टोळीची वेलांटी

आजोबा, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. अक्षरही तसंच, कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीपर्यंतच शिकले मी, आणि आता चूक सांगायला तुम्ही नाही.

परदेशात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या घरात मी स्वयंपाकाला आले. गावाकडे माझी आई आजारी पडली तेव्हा साहेबांच्या वडिलांनी, म्हणजे तुम्ही, मला तिकिटाचे सहाशे रियाल दिले. तुम्ही इतिहासाचे मास्तर, नजर गेलेली. नातवंडांना मराठी कळतं, लिहिता येत नाही. म्हणून ठरलं, दुपारी तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. पानामागे पाच रियाल फिटणार.

गोष्ट मध्य आशियातल्या एका खानाची. दुष्काळातही त्यानं धनगर टोळ्यांकडून कराच्या मेंढ्या ओढून आणल्या. टोळ्या बिथरल्या. एके दिवशी मी लिहिलेलं वाचून दाखवलं, "एक टोळ तटाशी आली."

तुम्ही खदखदून हसलात. "अगं, घोडेस्वारांचा टोळ केलास! वेलांटी कुठे गेली?"

"राहिली, आजोबा."

"राहू दे. खानाला टोळच खाऊ देत."

दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या जाळीवर एक टोळ बसला होता. आपण दोन टोळ्या लिहिल्या, तर दोन आले. तुम्ही रोज विचारायचात, "किती?" सात म्हटलं तेव्हा हसला नाहीत. "यापुढे वेलांटी नीट दे," एवढंच म्हणालात. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आठ पानं राहिली, चाळीस रियाल राहिले.

तुमच्या सूनबाई, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "सोड गं, कोण मागतंय?"

पण मेल्या माणसाचं देणं अंगावर ठेवू नये, असं आई म्हणायची. शिवाय ते सात जाळीवरून हलत नव्हते. हाकलले तरी परत तिथेच.

शेवट तुम्ही सांगून ठेवला होता. खान एकेका टोळीच्या मेंढ्या मोजून परत करतो. मी तुमच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीशेजारी बसून रोज एक पान लिहिलं. पहिल्या पानावर खान नुसता विचार करत बसला, त्या दिवशी सातही तिथेच. पुढे रोज एक टोळी परतली आणि जाळीवरचा एक टोळ कमी झाला.

आज एकच उरला होता, तोंड माझ्याकडे करून. मी लिहिलं, "शेवटची टोळी माघारी गेली." वेलांटी दोनदा गिरवली. मान वर केली तर जाळी मोकळी. शेजारी खुर्ची करकरली, तुम्ही उठताना करकरायची तशी.

मी वळून पाहिलं नाही. पानाखाली लिहिलं: पाच रियाल. सहाशे पुरे फिटले.